एकदा बुडाल्यावर बाबांनी उधारीच बंद केली. आता काय करू?

रबाळेकर

नमस्कार. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क आहे. म्हणजे पार्ट्या आपला लोखंडी माल आणून देतात, आम्ही त्यावर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये पक्की करतो. बाबांनी उभं केलेलं, आता मीही पूर्णवेळ तिथेच असतो. एक गाळा, सात टाक्यांची प्रोसेस, एक बूथ, एक ओव्हन, आठ माणसं. घर ऐरोलीला.

२०२२ साली एका पार्टीने आमचे सव्वानऊ लाख बुडवले. रॅक बनवायची ती पार्टी, नाव घेत नाही. जुने संबंध होते, लग्नकार्याला येणं-जाणं होतं. आधी 'पुढच्या आठवड्यात नक्की', मग 'अकाउंटंट सुट्टीवर आहे', मग फोन उचलणं बंद. एका सोमवारी बाबा गेले तर शटरवर बँकेची नोटीस. हातात चेक नव्हता, त्यामुळे बाउन्सची केसही करता आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम. अर्धे आधी, अर्धे माल उचलताना. सगळ्यांना. एका पार्टीचे पैसे वर्षानुवर्षं १० तारखेला न चुकता यायचे, त्यांनाही हाच नियम लावला. ते बिचारे भांडले नाहीत. चहा प्यायले, हसले आणि पुढच्या महिन्यापासून माल तुर्भ्याला दुसऱ्या कोटरकडे पाठवायला लागले.

आता उरलंय ते ग्रिल, गेट, सोसायटीचं रेलिंग, कुणाच्या बुलेटचे रिम. रोख मिळते, खोटं बोलणार नाही. पण ओव्हन आठवड्यातून चारच दिवस पेटतो. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना माहितीये, ओव्हन २०० डिग्रीला न्यायला गॅस जवळपास तेवढाच जातो, आत चार गेट टांगलेली असोत की चाळीस. त्यात दिवसातून दोन-तीनदा शेड बदलायची म्हणजे दर वेळी बूथ, गन, होस सगळं झाडून-पुसून घ्या. अर्धा तास तिथेच गेला, वर पावडर वाया.

मागच्या महिन्यात महापेची एक पार्टी आली. इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स आणि दरवाजे. सगळा माल एकाच शेडचा, राल ७०३५, तो पॅनेलवाल्यांचा नेहमीचा फिका करडा. महिन्याला साधारण अडीच लाखांचं काम. अट एकच, ४५ दिवसांची उधारी. बाबा म्हणाले, नाही. मी आकडे मांडले तर म्हणाले, "सव्वानऊ लाख फी भरून शिकलोय मी. तू फुकटात शीक."

यावर मी काय बोलणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, ते समजू शकतो. आमच्याकडे ताकच बंद झालंय.

तर विचारायचंय ते असं. मोठा फटका खाल्लेल्या माणसाचा जो नियम बनतो, तो धंद्याच्या कामाचा आहे की नुसती धास्ती आहे, हे ओळखायचं कसं? आणि ही महापेची पार्टी घ्यावी का?

मसाला मार्केट, तुर्भे

वडिलांचं ऐक म्हणणं सोपं आहे. पण आमच्या मार्केटात उधारी बंद केली तर गाळ्यावर माश्या मारत बसावं लागेल. बाजार मशीद बंदरहून इकडे आला त्याच्या आधीपासून आमच्या घरी जिऱ्या-धण्याचा व्यापार आहे. सगळा माल रोखीने विकणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

आमच्याकडे मध्ये दलाल असतो. बाहेरच्यांना वाटतं दलाल म्हणजे गिऱ्हाईक आणून देणारा. गिऱ्हाईक काय, फोनवरही मिळतं. दलाली आम्ही देतो ती खबरीची. कोणाचा चेक परत गेला, कोणाच्या घरात वाटण्या चालल्यात, कोण एकाच आठवड्यात तीन गाळ्यांवरून माल उचलतोय, हे त्याला आमच्याआधी कळतं. तुमच्या रबाळ्यात असं कोण असेल ते शोध. कुणीतरी असतोच.

आणि आमच्या वडिलांची एक खूण सांगतो. जो उधारी मागतो पण भावात घासाघीस करत नाही, त्याला माल देऊ नये. ज्याला पैसे द्यायचेत तो किलोमागे एका रुपयावरून तासभर डोकं खाईल. ज्याला द्यायचेच नाहीत त्याला भावाशी काय करायचंय? तुझ्या महापेवाल्याने रेट खाली खेचला का?

रबाळेकर

खेचला ना. स्क्वेअर फुटामागे दीड रुपया कमी करून घेतला, वर म्हणे प्रत्येक लॉटचे मायक्रॉन, म्हणजे कोटिंगची जाडी, मोजणार.

मसाला मार्केट, तुर्भे

मग निम्मी परीक्षा पास. भांडकुदळ गिऱ्हाईक चांगलं असतं.

धंदा_एके_धंदा

एवढा विचार कशाला? बापाच्या हाताखाली राहिलास तर जन्मभर त्याच्याच चुकांचे हप्ते फेडशील. वेगळा हो. सरकारच्या मुद्रा कर्जात आता २० लाख मिळतात. स्वतः पड, स्वतः ऊठ. दुसऱ्याच्या अनुभवाने कोणी शहाणा होत नाही.

जुना हिशेबनीस, वागळे इस्टेट

वरच्या मित्रांना आधी उत्तर देतो. मुद्रातले ते २० लाख, त्यातल्याच 'तरुण' नावाच्या गटातलं आधीचं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांसाठी आहेत. नव्या माणसाला मर्यादा १० लाखांचीच. आणि बापापासून वेगळं होऊन त्याच चुका नव्याने करण्यात कसला आलाय पुरुषार्थ?

आता रबाळेकर, तुमचा प्रश्न. मी कारखानदार नाही. जन्मभर दुसऱ्यांची खाती लिहिली. वागळे इस्टेटला २२ नंबर रोडवर एका टूलरूममध्ये लागलो, पुढे एका वेळी सहा-सात छोट्या कारखान्यांचं काम बघायचो. एमआयडीसी निघाली १९६२ साली आणि तिची पहिली वसाहत ती हीच. आता तिथे लेथपेक्षा कॉम्प्युटर जास्त झालेत, ते असो. सांगायचं एवढंच की पैसे बुडताना मी फार जवळून पाहिलेत, आणि बुडणारे पैसे माझे नव्हते. त्यामुळे रागवायची गरज नसायची, नुसतं बघता यायचं.

बघून बघून माझं मत झालंय की फटका बसला म्हणजे माणूस शिकतोच असं काही नाही. बहुतेकांच्या लक्षात दोन गोष्टी राहतात, रक्कम आणि तो माणूस. 'नऊ लाख' आणि 'तो हरामखोर'. यातली एकही पुढच्या वेळी कामाला येत नाही. एका मालकाला गावाकडच्या सुपरवायझरने गंडवलं, त्याने गावाकडची माणसं ठेवायचीच बंद केलं. चोरी पुढे चालूच राहिली, फक्त करणारे दुसऱ्या गावचे झाले. दुसऱ्या एकाचा तयार माल पावसात भिजला, पार्टीने परत पाठवला. तो जुलै-ऑगस्टच्या ऑर्डरी घेईना. पत्रे मात्र तसेच गळत राहिले, कारण पत्र्यांकडे बघायचं सुचलंच नाही.

मी मालकांना तारीख विचारायचो. हे कोणत्या दिवशी थांबवता आलं असतं? चिडायचे. पण ती तारीख बऱ्याचदा लेजरमध्ये सापडते. कशी, ते सांगतो.

टॅलीत, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या रॅकवाल्याचं लेजर (खातं) काढा, पहिल्या दिवसापासून. जमेची बाजू वरून खाली वाचत या. सुरुवातीला आकडे वाकडेतिकडे दिसतील. ४३,६६०. ६१,२४२. म्हणजे तो बिलागणिक, टीडीएस कापून पैसे देत होता. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी तुमचं बिल समोर ठेवून, तपासून एंट्री करत होतं. खाली येता येता एके ठिकाणी आकडे गोल होतील. ५०,०००. २५,०००. परत २५,०००. समोर बिल नंबर नाही, 'ऑन अकाउंट'. याचा अर्थ बिलं बघायचं बंद झालं. आता मालक बँकेत जे काही आलंय त्यातून दहा जणांना थोडं थोडं वाटतोय, फोन थांबावेत म्हणून. मी पाहिलेल्या बुडीत खात्यांपैकी बहुतेकांत या गोल आकड्यांची रांग आधी लागलेली आहे आणि शटर त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी पडलंय.

त्या पहिल्या गोल आकड्यावर बोट ठेवा. त्या दिवशी बाकी किती होती? शेवटी किती झाली? मधला फरक तुमच्या हातातला होता. त्याच्या आधीचं नशीब म्हणून सोडून द्या, धंदा म्हटला की तेवढं जातं.

मग तुमचा नियम तपासायला घ्या. 'उधारी नाही' हा नियम त्या तारखेला काय करतो? काहीच नाही. तो पंधरा वर्षं नीट पैसे देणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी अडवतो आणि बिघडत चाललेल्याकडे बघायची सवय लावत नाही. बुडालेले पैसे वहीत दिसतात हो, न आलेलं काम कुठल्याच वहीत दिसत नाही. म्हणून असे नियम टिकतात.

अर्थात बाबांची बाजूही आकड्यांत मांडतो, नाहीतर म्हणाल म्हातारा पोराच्या बाजूने बोलतो. समजा १०० रुपयांच्या कामात तुम्हाला सगळं जाऊन १२ उरतात. सव्वानऊ लाख भरून काढायला ७७ लाखांचं काम फुकट करावं लागतं. हे ज्याने केलंय त्याची झोप उडणारच.

आता महापेवाला. महिन्याला अडीच लाख आणि ४५ दिवस म्हणजे पावणेचार लाख कायम बाहेर. प्रत्यक्षात कुणीही ४५ व्या दिवशी देत नाही, त्यांचा पेमेंटचा वार ठरलेला असतो, बिल एक टेबल इकडे-तिकडे होतं. ६० धरा. म्हणजे ५ लाख, वर जीएसटी. तोवर पावडरवाल्याला तुम्ही ३० दिवसांत देणार, पगार ७ तारखेला, गॅसचं आणि विजेचं बिल त्यांच्या तारखेला. एवढं तुमच्याकडे आहे का? नसेल तर पार्टी कितीही चांगली असली तरी आत्ता निम्मंच काम घ्या. दिवस ते ठरवतात, ठीक आहे. किती लाखांवर गेलं की हँगरवर माल चढवायचा नाही, ते तुम्ही ठरवा आणि भिंतीवर लिहा, म्हणजे त्या दिवशी कुणाला विचारायला नको.

चौकशी घरबसल्याही होते. जीएसटी पोर्टलवर त्यांचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) टाकलात की रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं, त्याला लॉगिन लागत नाही. दर महिन्याला उशीर होत असेल तर समजा की सरकारलाही ते वेळेवर देत नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे तेही दिसतं. पण मला विचाराल तर सगळ्यांत आधी एकच शोधा. तुमच्याकडे यायच्या आधी हे कोटिंग कोण करत होतं आणि त्याला का सोडलं? त्या कोटरला भेटा. तो भेटायला तयार नसेल तर त्याच्याकडे माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याला भेटा. मसाला मार्केटवाले ज्या दलालाबद्दल म्हणतायत, एमआयडीसीत तो टेम्पोवालाच. कुठला गाळा कधी रिकामा होतोय ते त्याला महिनाभर आधी माहीत असतं, भाडं थकलेलं असतं ना!

चकलीवाली, कोपरखैरणे

काकांचं लेजर बरोबरच असेल. मी जरा वेगळं विचारते. बाबा त्या रॅकवाल्याकडे वसुलीला जायचे तेव्हा एकटेच जायचे का?

माझा फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीत कंपन्यांच्या ऑर्डरी असतात, बॉक्सचे पैसे कधीकधी संक्रांतीला मिळतात. आपलेच पैसे मागायला जायचं, रिसेप्शनवरच्या मुलीला नाव सांगायचं, "सर मीटिंगमध्ये आहेत" ऐकायचं आणि तिथल्या सोफ्यावर बसून राहायचं. आपला आवाज आपोआप खाली येतो. आणि ज्याने द्यायचेत तो केबिनमधून जेवायला निघताना आपल्याकडे बघतही नाही.

तुमच्या बाबांच्या वयाच्या, स्वतःच्या गाळ्यात मालक असलेल्या माणसाने हे किती दिवस सोसलं असेल? पैशांचं ते कदाचित गिळूनही टाकतील. परत तसं बसायला लागेल ही भीती असेल तर तुमच्या एक्सेलने ती जाणार नाही. त्यांना आधी हे सांगा की या पार्टीच्या वसुलीला मी जाईन, तुम्हाला एकदाही जावं लागणार नाही. आकडे मग दाखवा.

धंदा_एके_धंदा

भावनांवर धंदा चालत नाही ताई.

चकलीवाली, कोपरखैरणे

दादा, उधारी बंद केली ती कशावर केली मग? हिशेब करून?

सीए, ठाणे पश्चिम

चर्चा चांगली चालली आहे, कायद्याची बाजू थोडी भरतो.

रबाळेकर, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर हे काम सुरू व्हायच्या आधी करा, फुकट होते. जॉबवर्क ही सेवा धरली जाते, त्यामुळे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून २००६ च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे. (मसाला मार्केटवाल्यांना नाही. व्यापाऱ्यांना उद्यम मिळतं, पण थकलेल्या पैशांची तरतूद त्यांना लागू होत नाही.) लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी काही नसेल तर १५. त्याच्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर काम करून घेणाऱ्या पार्टीला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या पार्ट्यांचे अकाउंटंट स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. तुम्ही न मागता द्या. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या.

तक्रार ऑनलाइन करता येते, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, तेवढ्यात होईल या भरवशावर राहू नका. आणि लोक 'एनसीएलटीत खेचतो' म्हणतात ना, म्हणजे कंपनीला दिवाळखोरीत काढायला न्यायाधिकरणात नेतो, मार्च २०२० पासून त्याला किमान १ कोटीची थकबाकी लागते. नऊ लाखांसाठी तो दरवाजा नाही.

जीएसटीचं दुखणं वेगळंच. सव्वानऊ लाख आले नाहीत तरी त्यांवरचा कर तुम्ही खिशातून भरलेला असणार. आयकरात बुडीत म्हणून लिहून टाकता येतं, जीएसटीत तो कर परत मिळत नाही. एक हत्यार मात्र आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पार्टीने तुमचे पैसे दिले नाहीत तर तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं तिने घेतलेलं क्रेडिट (स्वतःच्या करातून मिळवलेली वजावट) तिला व्याजासकट उलटवावं लागतं. दीडशेव्या दिवशी याची आठवण करून देणारं साधं पत्र पाठवलं तर बरेच जण हलतात.

आता बाबांच्या नियमाबद्दल. 'माल उचलताना पैसे' याला कायद्याचा भक्कम आधार आहे, बाबांना तो माहीत असो-नसो. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. ज्या मालावर तुम्ही कष्ट केलेत तो मजुरी मिळेपर्यंत तुम्ही धरून ठेवू शकता. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ४५ दिवसांची उधारी कबूल केलीत की त्या मालावर पैसे मुळात 'येणे' होत नाहीत, त्यामुळे धरून ठेवायचा हक्कही गेला. आणि जुनी बाकी आहे म्हणून पार्टीचा नवा माल अडवून ठेवायचा, जे आपल्याकडे सर्रास करतात, त्याला हे कलम चालत नाही. तसा सर्वसाधारण हक्क बँकर वगैरे मोजक्यांनाच आहे. म्हणजे उधारी देताना तुम्ही हातातली एक चांगली गोष्ट सोडताय हे बाबांचं म्हणणं खरं आहे. ती सोडून काय मिळतंय तेवढं तोला.

रबाळेकर

सगळ्यांचे आभार. उद्यम आहे आमच्याकडे, बँकेच्या कामासाठी काढलं होतं. बिलावर छापलेलं नाही. छापून घेतो.

शुक्रवारी गाळ्याला सुट्टी होती, बाबांना घेऊन लेजर काढून बसलो. काका, तुमचे गोल आकडे सापडले. नोव्हेंबर २०२१, दिवाळीच्या लगेच नंतर ५०,०००, मग सगळेच तसे. त्या दिवशी बाकी होती ३ लाख ८० हजार. म्हणजे जवळपास साडेपाच लाख त्याच्यानंतर चढले.

मी मोठा शोध लावल्यासारखा बाबांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नोव्हेंबर कुठला? मला गणपतीतच कळलं होतं."

मग जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. त्या पार्टीचा एक जुना स्टोअरकीपर होता. माल उचलायला आला की चलन हातात धरून नग न नग मोजायचा, एका अँगलला ओरखडा दिसला तरी बाजूला काढायचा, बाबांशी त्याची रोज वादावादी. गणपतीनंतर तो यायचा बंद झाला. नवीन पोरगा यायचा तो न मोजताच सही ठोकून मोकळा. त्याच सुमारास त्यांनी आपल्या ठरलेल्या टेम्पोवाल्याला सोडून रोज वेगळ्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, ज्याला मालाची पडलेली नाही त्याचं गिऱ्हाईक सुटलेलं असतं.

मी विचारलं, मग माल का सोडलात? तर म्हणाले, "फेब्रुवारीत त्याच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका घेऊन घरी आला होता. त्या घरात तगादा लावायचा?"

काका, यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

जुना हिशेबनीस, वागळे इस्टेट

हे लेजरमध्ये सापडत नाही, मान्य. माझ्या सगळ्या वर्षांत कुणी स्टोअरकीपरची खूण सांगितली नव्हती. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आणि आता तुम्हालाही कळलं असेल की त्यांना माणसं ओळखता येत नाहीत म्हणून पैसे गेले नाहीत. ओळखीच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही म्हणून गेले. 'उधारी नाही' हा नियम त्यांनी दुसऱ्यांसाठी केला नसेल कदाचित, स्वतःचे हात बांधायला केला असेल. तसं असेल तर हात बांधायचं काम तुम्ही घ्या.

चकलीवाली, कोपरखैरणे

मी तेच म्हणत होते, फक्त काकांनी जास्त चांगलं सांगितलं.

रबाळेकर

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलं.

महापेवाल्यांचा आधीचा कोटर भेटला. मी नाही, बाबाच गेले, जुनी ओळख निघाली. सोडायचं कारण साधं होतं. यांचे पॅनेलचे दरवाजे आता सात फुटी व्हायला लागलेत, त्याच्या ओव्हनमध्ये उभे बसत नाहीत. पैसे ५०-५५ दिवसांनी येतात, पण बिलागणिक येतात. जीएसटीत दोन महिने रिटर्न उशिरा आहेत, बाकी वेळेवर. टेम्पोवाल्याचं मत, "मालक खडूस आहे, पण पार्किंगचे दहा रुपयेसुद्धा देतो." मसाला मार्केटवाल्यांना हे आवडेल.

ठरलं ते असं. ३ लाखांपर्यंत उधारी, त्याच्यावर गेलं की आधीचं बिल सुटेपर्यंत माल चढवायचा नाही. पहिलं पेमेंट येईपर्यंत फक्त दरवाजे करायचे, बॉक्स नंतर. वसुली माझ्याकडे. या शेवटच्या कलमावर बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त पार्टीच्या अकाउंटंटचा नंबर स्वतःच्या फोनमधून मला फॉरवर्ड केला. आणि १० तारखेवाल्या जुन्या पार्टीला त्यांनी स्वतःहून फोन केला. तिकडून माल यायला वेळ लागेल, तुर्भ्याच्या कोटरशी त्यांचं आता जमलंय. रेटही त्याचा आमच्यापेक्षा कमी आहे. ती चूक महाग पडली, पण तिची एंट्री कुठे करायची हा प्रश्नच आहे.

सीए साहेब, एकच शंका. महापेवाल्यांची पीओ (लेखी ऑर्डर) आली. त्यात लिहिलंय, 'पेमेंट अकाउंट्स विभागाने बिल पास केल्यापासून ४५ दिवसांत'. चालेल का?

सीए, ठाणे पश्चिम

बदलून घ्या. बिल पास कधी करायचं हे त्यांच्या हातात राहतं. कायद्यात मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरतात. 'माल मिळाल्यापासून ४५ दिवस' एवढंच लिहून मागा. आणि चलनावर त्यांच्या माणसाची सही, तारीख आणि नग, तिन्ही घेत जा. मोजून.